खाऱ्या पाण्याच्या गावात रिठा-शिकेकाईने डोके धुताना

पत्र : आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. बोअरचे पाणी खारट लागते आणि योजनेच्या नळाला चार-पाच दिवसांनी येणारे पाणी पिण्याला व स्वयंपाकालाच पुरते. अंगाच्या साबणाने डोके धुतले की केस चिकट आणि राठ होतात, म्हणून मी अधूनमधून पुडीचा शाम्पू आणते. सासूबाईंचे म्हणणे असे, की "आमच्या टायमाले कोनी शाम्पू पाह्यला व्हता?" त्या रिठा, शिकेकाई आणि वावरातली काळी माती यांनीच डोके धुवायला सांगतात. माझ्या डोक्यात कोंडा आहे. दिवाळीच्या सुमारास डेंग्यू झाला होता. आता महिन्याभरापासून केस फार गळतात आणि शेगावकडच्या गावांत झाले तसे तर हे नाही ना, अशी धास्ती वाटते. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या असून खाजवून खाजवून मानेपाशी खवडे आले आहेत. शेजारच्या काकूंनी सीताफळाच्या बियांची पूड लावायला सांगितली आहे. घरच्या घरी काय करावे, ते सविस्तर सांगावे.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील शेवटच्या गोष्टीला प्रथम उत्तर देते, कारण तिला थांबवणे आज, या क्षणी आवश्यक आहे. सीताफळाच्या बियांची पूड मुलीच्या डोक्याला कृपा करून लावू नका. त्या पुडीने उवा मरतात हे खरे आहे आणि म्हणूनच हा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. परंतु जे द्रव्य उवेला मारते तेच डोळ्यात गेले तर बुबुळाचा वरचा पडदा सोलवटून काढते. डोके धुताना कपाळावरून ओघळलेले चार थेंबही त्याला पुरतात. मग डोळे लालबुंद होऊन त्यांतून सतत पाणी वाहते, असह्य वेदना होतात, उजेड सहन होत नाही आणि अनेक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खेटे घालावे लागतात. नऊ वर्षांचे मूल डोके धुताना डोळे गच्च मिटून स्थिर बसेल, याचा भरवसा कोणी द्यावा? हाच नियम रॉकेलला आणि कपाशीवर फवारायच्या औषधांनाही लागू आहे. ती औषधे कातडीतून अंगात भिनतात, हे 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन जी माणसे दगावली त्यांच्यामुळे साऱ्या विदर्भाला कळले आहे. तरीही उरलेले औषध उवांसाठी डोक्याला चोळण्याचे प्रकार खेड्यांत अजून होतात. डोक्याच्या कातडीतून, केसांच्या मुळांवाटे, औषध सहज आत शोषले जाते, तिच्यातून रक्तवाहिन्यांचे जाळे गेलेले असते, आणि तिथे खवडे असतील तर त्या विषाला वाट उघडीच मिळते.

मुलीच्या मानेवरील खवडे म्हणजे खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरल्याचे लक्षण आहे. कानामागे आणि मानेत तिला हाताला लागतील अशा गाठी आल्या आहेत का, ते बोटांनी चाचपून पाहा. गाठी असोत वा नसोत, तिला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. जखमांना औषध लागेल आणि त्या भरेपर्यंत तिच्या डोक्याला रिठा, शिकेकाई, लिंबू यांतले काहीही लावायचे नाही. डोक्यावर केस तुटून गोल चकंदळ पडले असेल आणि त्यावर पापुद्रे दिसत असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून दाखवा. मुलांच्या डोक्यावरचा गजकर्ण केसाच्या मुळाशी शिरलेला असतो. तो कोणत्याही धुण्याने किंवा मलमाने जात नाही, त्याला पोटातून औषध घ्यावे लागते.

उवांसाठी सर्वांत बिनधोक हत्यार आपल्या घरात आधीच असते, ते म्हणजे बारीक दातांची फणी. केस ओले करून त्यांना भरपूर खोबरेल तेल लावावे, गुंता साध्या कंगव्याने सोडवावा आणि मग मुलीला उजेडात बसवून एकेक बट हातात घेऊन केसाच्या मुळापासून टोकापर्यंत फणी ओढावी. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसली की काय निघाले ते स्वच्छ दिसते. लीख केसाला डिंक लावल्यासारखी चिकटलेली असते, ती रिठ्याच्या पाण्याने सुटत नाही आणि मरतही नाही. ती साधारण सात ते दहा दिवसांत फुटते, म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही. तीन-तीन दिवसांच्या अंतराने किमान दोन आठवडे हे काम चालू ठेवावे लागते. एवढ्याने आटोक्यात येत नसेल तर 1 टक्का पर्मेथ्रिनचे लोशन औषधाच्या दुकानात मिळते. ते धुतलेल्या, ओलसर केसांना लावून दहा मिनिटांनी धुवायचे आणि आठवड्या-दीड आठवड्याने पुन्हा एकदा लावायचे असते. मात्र मुलीला खवडे असल्यामुळे ते केव्हा लावायचे हे डॉक्टरांनाच विचारा. एका बिछान्यात झोपणाऱ्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, सासूबाईंचेही, नाही तर मुलीच्या डोक्यातून गेलेल्या उवा आठ दिवसांत परत येतील.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. रिठा आणि शिकेकाई यांच्याविषयी सासूबाई जे सांगतात त्यात तथ्य आहे, आणि तुमच्या गावच्या पाण्यात तर ते विशेष आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी जो खारपाणपट्टा पसरला आहे, तिथल्या भूजलात क्षार फार असतात. साबण हा तेल आणि दाहक सोडा यांच्यापासून बनतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असले की साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला जी पांढुरकी साय धरते ती हीच, आणि तीच केसांवर बसली की केस चिकट लागतात. कितीही पाणी ओतले तरी ती निघत नाही, कारण ओतलेले पाणीही त्याच बोअरचे असते. शिवाय अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, तर डोक्याची कातडी आणि केस किंचित आम्लधर्मी असतात. साबणाने केसावरची खवल्यांची सूक्ष्म साल फुलून उभी राहते, एक केस दुसऱ्यात अडकतो आणि विंचरताना तुटतो. म्हणून तुमच्या केसांची आजची तक्रार मुख्यतः अंगाच्या साबणाची आहे, आणि तो डोक्याला लावणे आजपासूनच बंद करा.

रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. तीही फेस करतात, तेल आणि मळ पकडून पाण्याबरोबर वाहून नेतात, पण क्षारांशी साबणासारखा चोथा करत नाहीत. शिकेकाईचा काढा तर मुळातच किंचित आंबट असतो, त्यामुळे केसाची साल मिटलेली राहते आणि केस धुतल्यावर मऊ लागतात. मी येथे शाम्पूची निंदा करणार नाही, कारण आजच्या बहुतेक शाम्पूंत साबण नसतोच, त्यांत दुसऱ्या प्रकारची फेसाची द्रव्ये असतात आणि तीही जड पाण्यात चोथा करत नाहीत. एका लहान पुडीने, जास्त न चोळता डोके धुतले तर काही बिघडत नाही. घरी केलेले ते सगळे निर्धोक आणि दुकानातले ते सगळे घातक, ही विभागणी जितकी सोपी वाटते तितकी ती खरी नाही, आणि सीताफळाच्या बीचे उदाहरण आपण नुकतेच पाहिले.

काढा करण्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण बहुतेक तक्रारी चुकीच्या पद्धतीमुळे होतात. आठवडी बाजारातून किंवा जडीबुटीच्या दुकानातून सुट्या पुडीऐवजी अखंड शेंगा आणि अखंड रिठे घ्या, म्हणजे भेसळ डोळ्यांना दिसते. कमरेपर्यंतच्या केसांसाठी शिकेकाईच्या आठ-दहा शेंगा, बिया काढलेले चार-पाच रिठे आणि मूठभर आवळकाठी एवढे पुरे. रिठा जास्त घातला की फेस जास्त येतो म्हणून हात सैल सुटतो, पण रिठाच केस कोरडे करतो. केस आधीच राठ असतील तर तो दोन-तीनवर आणा. हे सगळे रात्री एक लिटर पाण्यात भिजत घाला, आणि जमल्यास हे एक लिटर पाणी नळाचे घ्या. भांडे स्टीलचे असावे. लोखंडी कढईत आवळ्यातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन काढा काळा पडतो. केस काळे करण्यासाठी काही जणी तो मुद्दाम करतात, परंतु त्याने पिकलेल्या केसांवर वरवरचा काळसर रंग चढतो आणि उशीही काळी होते, मुळातून केस काही काळा होत नाही. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळून पाणी कोमट होऊ द्या, मग हातानेच शेंगा आणि साली चांगल्या कुस्करा. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो, बोटांना बुळबुळीत लागते आणि हलवले की बारीक, दाट फेस धरतो; हे तिन्ही झाले म्हणजे काढा उतरला असे समजा.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. काढा चहाच्या गाळणीतून नव्हे, तर जुन्या धुवट सुती लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून गाळा. शिकेकाईची भरड पूड थेट डोक्याला चोळली की तिचे टोकदार कण कातडीला ओरखडे काढतात आणि उरलेले कण केसांत अडकून आठवडाभर खाज सुटते. मग आपण त्यालाच कोंडा समजतो. पूड कुटायचीच असेल तर नाकातोंडाला फडके बांधून, उघड्यावर कुटा. तिच्या धुळीने शिंका आणि खोकला येतो आणि घरात कोणाला दमा असेल तर त्याला त्या वेळी जवळ थांबू देऊ नका.

पहिल्यांदा वापरण्याआधी काढ्याचे थोडे पाणी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. लाली, पुरळ किंवा खाज आली तर ती वस्तू तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही नैसर्गिक असो. डोके धुताना मान मागे टाकून बसावे आणि काढा दुसऱ्या कोणीतरी कपाळाच्या मागून घालावा. आपल्याकडे मोरीत बसून, पुढे वाकून डोके धुण्याची सवय आहे आणि त्यात सगळा फेस डोळ्यांकडे येतो. रिठ्याचे पाणी डोळ्यांना फार झोंबते, म्हणून काढ्याला हात लावण्याआधीच गोड्या पाण्याची एक कळशी जवळ भरून ठेवा. डोळ्यात गेलेच तर डोळा न चोळता पंधरा मिनिटे पाणी घालत राहा आणि त्यानंतरही लाली किंवा अंधुकपणा राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काढा डोक्याच्या कातडीला बोटांच्या पेरांनी लावावा, नखांनी नव्हे. केसांच्या टोकांना वेगळा चोळण्याची गरज नसते. वरून वाहून जाणारा फेस त्यांना पुरतो. आठवड्यातून एकदा, वेचणीच्या किंवा धुळीच्या दिवसांत दोनदा, एवढे धुणे पुष्कळ झाले. बोअरच्या पाण्याने केस स्वच्छ धुऊन झाले की शेवटचे दोन तांबे तेवढे नळाच्या पाण्याचे घाला. केसांवर काय वाळते ते शेवटचे पाणी ठरवते, त्यामुळे एवढ्या दोन तांब्यांनी फरक पडतो.

उरलेला काढा ठेवू नका. त्यात टिकवण्याचे काहीच नसते. आपल्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि त्या उकाड्यात तो दुसऱ्या दिवशी आंबतो. वास बदललेला, तवंग आलेला काढा डोक्याला लावणे म्हणजे जंतू लावणे. वाळलेल्या शेंगासुद्धा पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बुरशी दिसली तर सगळ्याच टाकून द्या.

शेवटच्या पाण्यात लिंबू पिळण्याची पद्धत आहे. एक लिटर पाण्यात अर्धे लिंबू, त्याहून अधिक नाही, आणि ते पाणी कपाळावर, मानेवर राहता कामा नये. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागले तर तिथे भाजल्यासारखे फोड किंवा काळे डाग उठतात. डोके धुऊन लगेच वावरात जायचे असेल त्या दिवशी लिंबू नकोच. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि चुलीची राख ही तिन्ही अल्कधर्मी आहेत, साबणाने होते तेच नुकसान ती करतात आणि राख व धुण्याचा सोडा तर अधिक तीव्रतेने करतात.

काळ्या मातीविषयी सासूबाईंना दुखावू नका, पण नकार मात्र स्पष्ट द्या. आपली काळी माती चिकण असते, ती तेल शोषून घेते आणि म्हणून पूर्वी बायका तिने डोके धूत, हे त्यांचे म्हणणे चूक नाही. मात्र आज त्याच वावरात तणनाशके आणि कीटकनाशके पडतात, शिवाय मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि खाजवून ओरखडे पडलेल्या डोक्याला ती माती लावणे धोक्याचे आहे. त्यांना मातीने येणारा मऊपणा हवा असेल तर त्यासाठी जवस आहे, आणि जवस तर आपल्या विदर्भाचेच पीक. दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात उकळले की अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतका दाट, बुळबुळीत रस सुटतो. तो गरम असतानाच गाळावा लागतो, गार झाला की फडक्यातून उतरत नाही. धुतलेल्या केसांच्या टोकांना तो लावून दहा मिनिटांनी पाणी घातले की गुंता सहज सुटतो. भिजवून वाटलेली मेथी आणि जास्वंदीची पाने यांतही असाच चिकट अंश असतो, पण त्यांचे कण केसांतून काढताना पाणी दुप्पट लागते, म्हणून तुमच्या गावी मी जवसच सुचवीन.

कोंडा हा मळ नव्हे, हे मात्र लक्षात घ्या. डोक्याच्या कातडीवर राहणारी एक सूक्ष्म बुरशी तेलावर पोसते आणि तिच्या त्रासाने कातडीचे पापुद्रे सुटतात. रिठा-शिकेकाईने सुटलेले पापुद्रे आणि तेल धुऊन निघेल, दोन दिवस बरे वाटेल, पण बुरशी राहील. त्यासाठी 2 टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, डोक्याच्या कातडीवर तीन ते पाच मिनिटे ठेवून, दोन ते चार आठवडे वापरावा आणि त्या काळात रिठा बंद ठेवावा. कोंडा असताना डोक्यावर तेल थापणे म्हणजे त्या बुरशीला खाऊ घालणे आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते, तेव्हा ते धुण्याआधी तासभर फक्त केसांच्या लांबीला लावा, मुळांना नको.

राहिली केसगळतीची भीती. दररोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी डोक्याचे लक्षण आहे, आणि आठवड्यातून एकदाच विंचरून धुतले तर ते सगळे एकदम हातात येतात. तुमची गळती त्याहून जास्त असेल, तरी तिचे कारण तुम्हीच पत्रात दिले आहे. मोठ्या तापाने पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. डेंग्यू, टायफॉईड, बाळंतपण या सर्वांनंतर हे होते. ही गळती साधारणतः सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि नवे केस येतात. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत जानेवारी 2025 मध्ये जे घडले ते निराळे होते. तिथे एकाच गावातील अनेकांचे केस तीन-चार दिवसांत पुंजक्यांनी हातात येऊन टक्कल पडले. पाण्याचा आणि बुरशीचा संशय आधी घेतला गेला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले, आणि डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून गव्हातील जास्त सेलेनियमकडे बोट दाखवले. तुमच्या घरात केस गळणाऱ्या तुम्ही एकट्या आहात आणि महिना उलटूनही टक्कल पडलेले नाही, यावरून तो प्रकार दिसत नाही. एकाच वेळी दोन-चार घरांत तसे होऊ लागले तर मात्र आशाताईंना त्याच दिवशी कळवा.

कोणताही काढा गळलेला केस परत आणत नाही. तो केस स्वच्छ ठेवतो आणि तुटण्यापासून वाचवतो, एवढेच त्याचे काम. मुलीला आरोग्य केंद्रात न्याल तेव्हा स्वतःचे हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि अंगात फार थकवा असेल तर थायरॉईडच्या तपासणीविषयीही डॉक्टरांना विचारा. परत येताना बाजारात काळ्या मेंदीची पुडी मात्र घेऊ नका. पाऊण तासात केस काळेभोर करणाऱ्या अशा पुड्यांत बहुधा मेंदीबरोबर रासायनिक कलपाचे द्रव्य मिसळलेले असते, आणि खाजणाऱ्या डोक्यावर त्याने चेहरा सुजेपर्यंत वावडे उठू शकते. सासूबाईंना केस रंगवायचे असतील तर शेतातल्या बांधावरची मेंदीची पाने वाटून घ्यावीत. त्यांचा रंग तांबूस येतो, काळा कधीच येत नाही.